नव्या जातीचा दाखला

काळ्या शेल खडकाची पातळ लादी हातोडीच्या हलक्या घावाने उकलून तिचा ताजा पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरला, म्हणजे त्यावर कधी कधी एका किंवा दोन्ही अंगांनी करवतीच्या पात्यासारखी दातेरी, दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, किंचित चंदेरी झाक मारणारी रेघ दिसते; आणि या विद्येशी ज्याचा परिचय नाही असा मनुष्य ती एखाद्या खनिजाची शीर किंवा कोणी ओढलेली पेन्सिलीची खूण समजून लादी बाजूला ठेवतो. चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात तरंगत राहणाऱ्या ग्रॅप्टोलाइट नावाच्या जीवांचे ते घर होय. अशा असंख्य रेघांमधून एखादी रेघ आजवर वर्णिलेल्या कोणत्याही जातीत बसत नाही, ती स्वतंत्र जात आहे, असे ठरविणे आणि ते ठरविलेले इतरांना पटेल अशा रीतीने लिहून ठेवणे, हे काम वरवर पाहता संग्रहालयातील कारकुनीचे वाटते. माझ्या मते भूविज्ञानातील अत्यंत जबाबदारीच्या कामांपैकी ते एक आहे. कारण खडकांचा काळ ठरविणारे अनेक निवाडे शेवटी या रेघांच्या साक्षीवर उभे असतात, आणि साक्षीदाराची ओळखच चुकीची पटविली गेली तर निवाडा टिकत नाही.

ती रेघ एका प्राण्याची नव्हे, तर एका कुटुंबाची आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एका टोकाला एक-दोन मिलिमीटर लांबीचा निमुळता शंकू असतो. त्याला शास्त्रज्ञ ‘सिक्यूला’ म्हणतात. अंड्यातून निर्माण झालेला मूळ जीव या शंकूत राही. त्याला अंकुर फुटून दुसरा जीव निर्माण होई व तो शंकूच्या भिंतीतून बाहेर पडून आपली स्वतंत्र नळी बांधी. दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा, अशी परंपरा चालून नळीला नळी जोडली जाई, आणि रेघेवर जे दाते दिसतात ती या नळ्यांची तोंडे होत. नळीची भिंत अर्धवर्तुळाकार कड्यांची असून समोरासमोरची कडी मध्यभागी एकमेकांत अडकतात व तेथे नागमोडी सांधा दिसतो. त्यावर बाहेरून पट्ट्यांसारखे लेप चढलेले असतात, आणि हे लेप आतल्या रहिवाशांनीच नळीबाहेर येऊन दिलेले आहेत. कोलॅजेन या प्रथिनासारख्या टिकाऊ द्रव्याची ही वास्तू मागे राहिली. रहिवाशांची मऊ शरीरे मात्र जवळजवळ सर्वत्र नाहीशी झाली.

शरीरच नाही, तेव्हा हा प्राणी कोणत्या कुळातला, हा वाद दीर्घकाळ चालावा हे स्वाभाविक होते. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसाने अठराव्या शतकात ग्रॅप्टोलाइट हे नाव प्रचारात आणले तेव्हा जीवाश्मांचा केवळ आभास निर्माण करणाऱ्या दगडांवरील आकृत्यांसाठी ते योजले होते. पुढे कोणी त्यांना हायड्रासारख्या जीवांच्या पंक्तीला बसविले, तर कोणी शैवालासारख्या दिसणाऱ्या ब्रायोझोआ प्राण्यांच्या. या वादाचा निकाल लावण्याचे श्रेय पोलंडमधील रोमान कोझ्वोव्स्की यांना द्यावे लागते, आणि त्यांची रीत इतकी नामी होती की तिच्यापाशी थोडे थांबलेच पाहिजे. शेलमध्ये ग्रॅप्टोलाइट चिरडून सपाट झालेले असतात. कोझ्वोव्स्कींना मात्र आपल्या देशातील श्वेंतोक्शिस्क्ये डोंगररांगेत चर्ट नावाच्या कठीण, सिलिकामय खडकात ते चिरडण्यापूर्वीच बंदिस्त झालेले सापडले. त्यांनी तो खडक हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळविला. सिलिका विरघळून गेली. सेंद्रिय द्रव्याची ती नाजूक घरटी मात्र आम्लाने अस्पर्शित राहून पात्राच्या तळाशी उरली. मग जिवंत प्राण्याच्या ऊतींचे करावेत तसे त्यांनी या जीवाश्मांचे मेणात बसवून पातळ छेद घेतले व सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहिले. ती अर्धवर्तुळाकार कडी आणि तो नागमोडी सांधा त्यांना आजच्या समुद्रात राहणाऱ्या ऱ्हॅब्डोप्ल्यूरा या क्षुद्र प्राण्याच्या नळ्यांत जसाच्या तसा आढळला. १९३८ साली त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. सविस्तर ग्रंथ मात्र महायुद्धाची धुमश्चक्री ओसरल्यावर, १९४९ साली, प्रसिद्ध झाला. ग्रॅप्टोलाइट हे अर्धमेरुरज्जू प्राण्यांपैकी, म्हणजे वंशवृक्षात पृष्ठवंशी प्राण्यांच्या बऱ्याच निकट असलेल्या शाखेतले ठरले. २०१३ साली झालेल्या वर्गीकरणाच्या फेरतपासणीत तर ऱ्हॅब्डोप्ल्यूरा हा ग्रॅप्टोलाइटांचा केवळ आप्त नसून आजही हयात असलेला ग्रॅप्टोलाइटच आहे, असा निर्णय झाला. त्यामुळे ज्याला शतकभर नष्ट वंश म्हणून शिकविले गेले तो वंश शिंपल्यांना चिकटून, समुद्रतळी, अद्याप नांदतो आहे.

परंतु भूविज्ञानाने ग्रॅप्टोलाइटांना जो मान दिला तो त्यांच्या कुळामुळे नव्हे, तर त्यांच्या कालदर्शकत्वामुळे. ते समुद्राच्या वरच्या थरांत तरंगत, सबब एकच जात थोड्या काळात दूरदूरच्या समुद्रांत पसरे. आणि जाती झपाट्याने बदलत, सबब एका जातीचा आयुष्यकाल भूवैज्ञानिक मानाने अल्प असे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जीवाश्म घड्याळाचे काम करू लागतो. हे प्रथम संपूर्णपणे ओळखले ते चार्ल्स लॅपवर्थ यांनी. ते व्यवसायाने शिक्षक होते; १८६४ साली दक्षिण स्कॉटलंडमधील गॅलाशील्स या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी ते नोकरीला आले आणि सुटीच्या दिवसांत भोवतालच्या टेकड्या पालथ्या घालू लागले. त्या टेकड्यांतील खडक म्हणजे हजारो फूट जाडीची एक अखंड चवड आहे, असा तोवर समज होता. मॉफट गावाच्या ईशान्येस डॉब्स लिन नावाची एक अरुंद घळ आहे. तिच्यातील काळ्या शेलचा थर अन् थर तपासून प्रत्येक थरातून कोणकोणते ग्रॅप्टोलाइट निघतात याची लॅपवर्थ यांनी वेगळी नोंद ठेवली, आणि १८७८ साली त्यांनी सिद्ध केले की जेमतेम शंभर मीटर जाडीचे तेच ते थर घड्या पडून पुन्हा पुन्हा वर आलेले आहेत. ज्यांनी ती प्रचंड जाडी मोजली होती त्यांच्या मापात चूक नव्हती. ते एकच थर अनेकदा मोजत होते, आणि हे ओळखण्याचे साधन त्या दातेरी रेघांवाचून दुसरे नव्हते. पुढच्याच वर्षी सेजविक आणि मर्चिसन या भूवैज्ञानिकांच्या अनुयायांतील सरहद्दीचा जुना कज्जा मिटविण्यासाठी लॅपवर्थ यांनी कँब्रियन आणि सिल्युरियन यांच्यामध्ये ‘ऑर्डोव्हिसियन’ हा नवा कालखंड सुचविला, आणि आज तो जगभर मान्य आहे.

अशा कालमापनात एका नव्या जातीची भर पडणे म्हणजे काय, हे एका खऱ्या उदाहरणाने सांगतो. १९२९ साली के. ए. डेव्हीस यांनी ‘अकिडोग्रॅप्टस असेन्सस’ या नव्या वंशाचे व नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही अंगांनी कोष्ठे, म्हणजे वर सांगितलेल्या नळ्या, असलेला, अत्यंत सडपातळ असा हा ग्रॅप्टोलाइट. त्याचे मूळचे टोक भाल्याप्रमाणे लांब व अणकुचीदार झालेले असते आणि त्याची पहिली कोष्ठे सिक्यूलाच्या तोंडालगत उगम पावून थेट वरच्या दिशेने वाढतात. पूर्वीच्या अनेक द्विपंक्ती ग्रॅप्टोलाइटांत पहिली कोष्ठे आधी खाली उतरून मग वर वळत. येथे ते वळण नाही. वाचकाला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु ऑर्डोव्हिसियन युगाच्या अखेरीस, आज जेथे सहारा आहे त्या भूमीवर हिमनद्या पसरल्या, समुद्राची पातळी उतरली आणि ग्रॅप्टोलाइटांचा वंश जवळजवळ बुडाला. त्या आपत्तीतून वाचलेल्या मोजक्या घराण्यांपासून जी नवी संतती उदयास आली तिच्या पहिल्या मोहऱ्यांपैकी असेन्सस ही एक जात आहे. एवढा इतिहास त्या एका वळणाच्या अभावात साठलेला आहे.

आता असे वर्णन लिहायचे तर लिहिणाऱ्यावर कोणकोणती बंधने असतात ते पाहू. सर्वांत मोठी अडचण खडकाकडून येते. जो खडक डोंगर घडताना दाबला व ताणला गेला त्यातील जीवाश्मही त्याबरोबर ताणले गेलेले असतात. समजा, एका स्लेटच्या लादीवर एकाच जातीचे दोन नमुने एकमेकांशी काटकोनात पडले आहेत. जो ताणाच्या दिशेने पडला तो लांब व अरुंद झाला, त्याचे दाते विरळ दिसू लागले. जो आडवा पडला तो आखूड व रुंद झाला, त्याचे दाते दाटीवाटीने बसले. दोघांची रुंदी मोजली तर ती एकमेकांच्या दुपटीपर्यंत भिन्न भरू शकते, आणि दहा मिलिमीटरांत किती कोष्ठे बसतात ही गणना तितकीच दूर जाते. ज्याने केवळ आकड्यांवर विश्वास ठेवला तो येथे दोन जाती निर्माण करील, व दोन्ही खोट्या असतील. एकोणिसाव्या शतकात नोंदलेल्या कित्येक जाती याच कारणाने पुढे रद्द झाल्या. म्हणून सावध अभ्यासक लादीवर ताणाची दिशा आधी शोधतो. खडकातील तिची खूण रेघारेघांनी दिसते, ती चित्रात बाणाने दाखवितो. आणि शक्य असेल तेथे पायराइटने भरून निघाल्यामुळे सपाट न झालेला, उठाव कायम असलेला नमुना मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवतो. ही प्रतीक्षा मला विद्वत्तेइतकीच मोलाची वाटते.

दुसरी अट पूर्णतेची. तुटलेला मधला तुकडा कितीही सुबक असला तरी नव्या जातीला आधार म्हणून तो पुरत नाही. मूळचे टोक, म्हणजे सिक्यूला व तिच्यापासून निघालेली पहिली दोन-चार कोष्ठे, दिसलीच पाहिजेत, कारण वंशाची ओळख तेथेच पटते. मग मोजमापे येतात: सिक्यूलाची लांबी, तिच्या तोंडाची रुंदी, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या कोष्ठाशी एकंदर वसाहतीची रुंदी, आणि लागोपाठच्या कोष्ठांतील अंतर. पूर्वी हे अंतर दहा मिलिमीटरांत किती कोष्ठे असे सांगत; परंतु वाढत जाणाऱ्या वसाहतीत हे अंतर टोकापासून शेवटापर्यंत बदलत जाते, म्हणून हल्ली ठरावीक कोष्ठापाशी दोन आवर्तनांचे अंतर प्रत्यक्ष मोजतात. हे सर्व एका नमुन्यावर नव्हे, मिळतील तितक्या नमुन्यांवर करायचे असते, म्हणजे जातीच्या अंतर्गत विविधतेची हद्द कळते. शेवटी चित्र. छायाचित्रणाची एवढी प्रगती झाली असूनही ग्रॅप्टोलाइटांचे अभ्यासक सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेरा ल्युसिडाच्या साहाय्याने रेखाटलेले चित्र सोडीत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. छायाचित्र डाग, भेग व कोष्ठाची कड यांना सारखेच महत्त्व देते, रेखाटणाऱ्याला मात्र प्रत्येक रेषेपाशी हे काय आहे याचा निर्णय करावा लागतो.

या कलेचा आदर्श पाहायचा असेल तर गर्ट्रूड एलिस आणि एथेल वुड यांनी लॅपवर्थ यांच्या संपादनाखाली १९०१ ते १९१८ या काळात क्रमशः प्रसिद्ध केलेला ब्रिटिश ग्रॅप्टोलाइटांचा बृहद्ग्रंथ उघडावा. त्यातील चित्रे वुड यांच्या हातची आहेत. शंभराहून अधिक वर्षे लोटली, त्यातील कित्येक नावे बदलली, वंशांच्या व्याख्या पालटल्या. तरी प्रयोगशाळेतील टेबलावरून तो ग्रंथ हललेला नाही. ग्रंथ पूर्ण झाल्यावर एका वर्षाने, १९१९ साली, लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व देण्यास आरंभ केला आणि त्या पहिल्या तुकडीत एलिस होत्या. ज्यांच्या कामावाचून त्या संस्थेतील पुरुषांचे पान हलत नव्हते त्यांना दाराबाहेर इतकी वर्षे उभे राहावे लागले, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहात नाही.

वर्णन झाले म्हणजे नावाचा प्रश्न येतो, आणि येथे आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेचा अंमल सुरू होतो. लिनियसाच्या वर्गीकरणग्रंथाची दहावी आवृत्ती, म्हणजे इसवी सन १७५८, ही या संहितेची आरंभरेषा. त्यानंतर रीतसर प्रसिद्ध झालेल्या नावांपैकी जे आधीचे ते ग्राह्य. नव्या जातीसाठी सामान्यतः एकच नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे नामधारक नमुना, म्हणून मुक्रर करावा लागतो, आणि तो कोणत्या संग्रहालयाच्या हवाली केला, त्याचा दफ्तरी क्रमांक काय, तो कोणत्या ठिकाणच्या कोणत्या थरातून निघाला, हा तपशील द्यावा लागतो. उद्या दुसऱ्या कोणाला शंका आली तर त्याने लेखकाच्या शब्दांवर विसंबू नये, प्रत्यक्ष तो दगड काढून पाहावा, अशी ही व्यवस्था आहे. नावाचे रूप लॅटिन असते व पूर्वसूरींचे ऋण त्यात पुष्कळदा फेडले जाते: सिर्टोग्रॅप्टस वंशात ‘लॅपवर्थी’ ही जात लॅपवर्थ यांच्या, तर ‘एलिसी’ ही जात गर्ट्रूड एलिस यांच्या नावाने आहे, आणि आडाम उर्बानेक यांनी १९७० साली ‘निओकुकुलोग्रॅप्टस कोझ्वोव्स्की’ ही जात नोंदवून आपल्या गुरूंचे नाव सिल्युरियन कालपत्रकात कायम केले.

नोंद झालेली जात पुढे कोणत्या कामी येईल हे नोंद करणाऱ्याला कळत नसते. असेन्ससचेच पाहा. ऑर्डोव्हिसियन कोठे संपतो आणि सिल्युरियन कोठे सुरू होतो याची जागतिक हद्द १९८४ साली ठरविण्यात आली, तेव्हा ती लॅपवर्थ यांच्या त्याच डॉब्स लिन घळीत, बर्कहिल शेलच्या तळापासून १.६ मीटर उंचीवर कायम करण्यात आली. आरंभी ‘अक्युमिनेटस’ या निकटच्या जातीच्या नावाने ओळखला जाणारा कालपट्टाच तेथे प्रमाण मानला होता. पुढे थरांची अधिक बारकाईने फेरतपासणी झाल्यावर त्या पट्ट्याचे दोन भाग पडले आणि खालचा भाग असेन्ससच्या नावावर चढला. आज सुमारे ४४ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची ती हद्द असेन्ससच्या प्रथम आगमनाने ओळखली जाते. चीनमधील सिचुआन खोऱ्यात लाँगमाशी नावाच्या काळ्या शेलमधून नैसर्गिक वायू काढतात. तेथे विंधनविहिरीतून वर आलेल्या खडकाच्या दंडगोलावर हीच जात ओळखून भूवैज्ञानिक आपण वायुधारक थराच्या कोणत्या पातळीवर आहोत हे ठरवितात. तशीच गोष्ट ‘मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस’ची. अलोइस प्रिबिल यांनी १९४० साली तिचे वर्णन केले तेव्हा ग्रॅप्टोलाइट सिल्युरियनबरोबरच संपले असा समज सार्वत्रिक होता. १९७२ साली झेकोस्लोव्हाकियातील क्लोंक येथे सिल्युरियननंतरच्या डेव्होनियन कालखंडाचा आरंभ निश्चित झाला तो याच जातीच्या आधाराने, आणि कालखंडांच्या हद्दी जागतिक संमतीने ठरविण्याच्या पद्धतीचा तो पहिला प्रयोग होता.

नवी जात नेहमी नव्या उत्खननातूनच निघते असेही नाही. कॅनडातील बर्जेस शेलमधून निघालेल्या ‘युक्नेशिया’ या जीवाश्माला चार्ल्स वॉलकॉट यांनी १९१९ साली शैवाल म्हणून नोंदविले होते. २०१५ साली त्या नमुन्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ते ग्रॅप्टोलाइटांच्या गणगोतातील प्राण्यांच्या नळ्या आहेत असे दिसून आले, आणि त्याच लेखात स्टीफन पर्वतावरील नमुन्यांना ‘युक्नेशिया स्टीफनेन्सिस’ ही नवी जात म्हणून मान्यता मिळाली. पन्नास कोटी वर्षांहून जुना हा जीव जवळजवळ शंभर वर्षे वनस्पतींच्या खात्यात जमा होता. संग्रहालयातील जुने नमुने अडगळ समजून टाकून देऊ पाहणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्रात ग्रॅप्टोलाइट शोधण्यात अर्थ नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रपूरकडील कोळशाचे थर गोड्या पाण्यातले. आणि ज्या काळात ग्रॅप्टोलाइट नांदत होते त्या काळातील सागरी खडकच येथे नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या दफ्तरात ग्रॅप्टोलाइटांची जी जुनी व महत्त्वाची नोंद आहे ती उत्तर शान संस्थानांतील, म्हणजे तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली असलेल्या ब्रह्मदेशातील आहे. परंतु जीवाश्म आपल्याकडेही आहेत: नागपूरजवळील टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात लाव्हाच्या थरांमधील गाळातून ते गोळा केले, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांची हाडे निघतात, आणि शेतात, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कापात ते कोणाच्याही हाती लागू शकतात. ज्याच्या हाती लागतील त्याने तो दगड घासूनपुसून दिवाणखान्यात मांडण्यापूर्वी गावाचे नाव, शिवार, जमिनीपासूनची खोली आणि वरखालच्या थरांचा रंग एवढे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे, तो कागद दगडासोबत बांधावा आणि दोन्ही जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागाला दाखवावे. ठिकाण आणि थर यांची नोंद नसलेला जीवाश्म कितीही सुंदर असला तरी त्यावरून नव्या जातीचा दाखला कोणालाही लिहिता येत नाही.